‘सीआयडी’चा एक भाग खामगाव कोर्टात

इन्स्पेक्टर दयाची एक थप्पड बसते, आरोपी सगळं ओकून टाकतो, एसीपी प्रद्युम्न त्याला ‘आता तुला फाशीच’ असं सुनावतात आणि नामावली सुरू होते. १९९८पासून सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’चे दीड हजारांवर भाग झाले, त्यांतल्या बहुतेकांचा शेवट साधारण असाच. २००४ साली या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये एकदाही कॅमेरा न थांबवता चित्रित करून विक्रम केला. कसब होतंच, त्याशिवाय एवढी वर्षं कोणी बघत नाही.

पण मालिका जिथे थांबते तिथे खरा खटला जेमतेम सुरू होतो, आणि सुरू होताना ती कबुली दाराबाहेर ठेवावी लागते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं; १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालं. थपडेवर उभा राहिलेला भाग कोर्टाच्या पायरीवरच कोसळला म्हणायचा.

मग उरतं काय? ते पाहायला एक भाग खामगावात घडवू. कथा सगळी रचलेली. गाव आणि कायदा तेवढा खरा. खामगाव चांदीचं गाव, तेव्हा एका चांदीच्या कारखान्यात सकाळी मालक मेलेला सापडतो. डोक्याला मार, कपाटातली काही किलो चांदी गायब, ऐरणीजवळची हातोडी जागेवर नाही. आठवड्यापूर्वी कामावरून काढलेला एक कारागीर आदल्या रात्री त्या गल्लीत दिसला होता. मालिकेला एवढं पुरतं.

मालकाचा भाऊ ११२ला फोन करतो, पोलिस येतात, आणि ठाण्यात त्याची फिर्याद लिहून घेतली जाते. हद्द शहर ठाण्याची की शिवाजीनगर ठाण्याची, हा वाद घालत फिर्यादीला ताटकळत ठेवता येत नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून मग तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. फिर्यादीला नक्कल फुकट मिळते. या कागदावरची वेळ पुढे दोनेक वर्षांनी कोर्टात फार महत्त्वाची ठरते. प्रेत सातला दिसलं आणि फिर्याद दुपारी दोनला लिहिली, तर मधल्या सात तासांत काय चाललं होतं, हा बचाव पक्षाच्या वकिलाचा पहिला प्रश्न. फिर्यादीत संशयिताचं नाव नसेल, तर दुसरा.

घटनास्थळी मालिकेतले अधिकारी हातमोजे घालतात आणि लगेच काहीतरी सापडतं. इथे आधी दोन पंच लागतात. पंच म्हणजे पोलिसांशी किंवा पक्षकारांशी संबंध नसलेली, आजूबाजूची दोन माणसं. गंभीर गुन्ह्यात पुष्कळदा एखाद्या सरकारी कार्यालयातल्या किंवा नगरपरिषदेतल्या कर्मचाऱ्यांना बोलावतात. त्यांच्यासमोर जागेचं वर्णन लिहिलं जातं: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमुकची भिंत, दारापासून प्रेत इतक्या फुटांवर, रक्ताचा डाग इतका, कपाटाचं कुलूप शाबूत की तुटलेलं. रक्ताने माखलेला फरशीचा तुकडा आणि शेजारचा साधा तुकडा असे दोन्ही वेगवेगळे घेतात, तुलनेसाठी. वाचायला रूक्ष, पण खटल्याचा अर्धा जीव या कागदात असतो. आता त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरणही करावं लागतं, त्यासाठी पोलिसांकडे ‘ई-साक्ष्य’ हे अ‍ॅप आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावं, हेही नव्या संहितेत आहे.

प्रेत गावातल्याच सरकारी रुग्णालयात जातं. मालिकेतले डॉ. साळुंखे प्रेताकडे नजर टाकून ‘मृत्यू रात्री दहा ते सव्वादहा’ असं सांगतात. खरा डॉक्टर असं कधी सांगणार नाही. शरीराचा ताठरपणा, पोटातलं अन्न किती पचलंय, त्वचेचा रंग यांवरून तो काही तासांचा पट्टा देतो, आणि मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात तो पट्टाही सैल होतो. महाराष्ट्रातल्या शवविच्छेदनाच्या छापील नमुन्यात रकाना १७ बाहेरच्या जखमांचा आणि रकाना १९ डोक्याच्या आतल्या इजांचा. खुनाच्या निकालपत्रांत हे दोन आकडे इतक्यांदा येतात की फौजदारी वकिलांना ते पाठ असतात. जखमेची लांबी, रुंदी, खोली, कडा फाटलेल्या की कापलेल्या. हत्यार जप्त झालं की ते डॉक्टरकडे पाठवून विचारतात: ही जखम या हातोडीने होऊ शकते का? उत्तर बहुधा ‘होऊ शकते’ असं येतं. ‘याच हातोडीने झाली’ असं कोणी लिहीत नाही.

कारागीर सापडतो, समजा शेगावला. अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तिथे पोलिस पीसीआर मागतात, म्हणजे पोलिस कोठडी. ती एकूण १५ दिवसांहून जास्त मिळत नाही. खुनासारख्या गुन्ह्यात ते १५ दिवस पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात, ही नव्या संहितेची भर. त्यानंतर एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग.

कबुली चालत नाही म्हटलं, तरी तिच्यातला एक तुकडा चालतो. कलम २३मध्येच ती सवलत आहे, जुन्या कायद्यात ते प्रसिद्ध कलम २७ होतं. खुनाच्या खटल्यांत सर्वांत जास्त वाद याच तुकड्यावर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

कोठडीत आरोपी म्हणतो, ‘ज्या हातोडीने मी मालकाला मारलं, ती मी शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाट्यांच्या गंजीत लपवली आहे, काढून देतो.’ तपास अधिकारी लगेच गाडी काढत नाही. आधी दोन पंच बोलावतो. त्यांच्यासमोर आरोपी तेच पुन्हा बोलतो आणि ते त्याच्या शब्दांत लिहिलं जातं. याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. मग सगळे निघतात. गाडी कुठे वळवायची ते आरोपी सांगतो, खाली उतरल्यावर तो पुढे आणि पंच व पोलिस मागे. गंजीतून हातोडी तो स्वतःच्या हाताने काढतो. तिथेच तिचं मोजमाप: दांडा किती इंच, डोकं किती, डाग कुठे. कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाख वितळवून सील. वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. हा जप्ती पंचनामा.

कोर्टात त्या वाक्याला कात्री लागते. ‘ज्या हातोडीने मी मालकाला मारलं’ हे बाद. ‘हातोडी गंजीत लपवली आहे, काढून देतो’ एवढंच शिल्लक. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखली आणि ती अजून पुसली गेलेली नाही. यातून काय सिद्ध होतं? हातोडी तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढंच. तिचा खुनाशी संबंध वेगळा जोडावा लागतो. आणि ती गंज रस्त्यालगत, कुणालाही हात घालता येईल अशी असेल, तर ‘त्यालाच माहीत होतं’ हेही डळमळतं.

संबंध जोडणार रक्त. म्हणून त्या सीलबंद पुडक्याचा पुढचा प्रवास. मालिकेत प्रयोगशाळा शेजारच्या खोलीत असते. आपली हातोडी ठाण्याच्या मालखान्यात जाते, तिथल्या रजिस्टरला नोंद होते, मग पत्र तयार होतं आणि एक शिपाई ती घेऊन अमरावतीच्या किंवा नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे निघतो. तिथे सील शाबूत आहे का, सोबतच्या नमुन्याशी जुळतं का, हे पाहूनच पुडकं घेतात आणि पोच देतात. अहवाल येतो त्याला पोलिस आणि वकील अजून सी. ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टच म्हणतात. त्यासाठी तज्ज्ञाला दर वेळी साक्षीला यावं लागत नाही, अहवाल तसाच वाचला जातो. पण तो शिपाई यावा लागतो आणि मालखान्याचा जमादारही. हातोडी जप्त झाली पाच तारखेला, मालखान्यात नोंद सात तारखेची, प्रयोगशाळेत पोचली महिन्याने. मधले दोन दिवस ती कुठे होती? तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर? सील होतं की नव्हतं? याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर अहवालात मालकाचंच रक्त निघालं तरी कोर्ट तो बाजूला ठेवू शकतं. मालिकांच्या लेखकांना ज्यात नाट्य दिसत नाही त्या या रजिस्टरात माझ्या मते खरा थरार आहे. अनेक सुटकांचं मूळ शोधत गेलं की बोट अशाच एखाद्या कोऱ्या रकान्यावर येऊन थांबतं.

सीसीटीव्हीचंही तसंच. चांदीच्या दुकानांच्या गल्लीत कॅमेऱ्यांना तोटा नसतो, पण ‘झूम कर’ म्हटल्यावर चेहरा लख्ख दिसत नाही. पिक्सेल जेवढे आहेत तेवढेच राहतात. त्यातून फुटेज पेन ड्राइव्हमध्ये घेऊन कोर्टात ठेवलं म्हणजे झालं असंही नाही. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं: उपकरण कोणतं, ते नीट चालत होतं का, फाइलचा हॅश क्रमांक काय. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं. ते सक्तीचं आहे की नाही, या घोळाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये लावला, आणि तो खटला आपल्या शेजारचाच, जालन्याचा होता. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज नेमका किती वाजता दाखल झाला, यावरून झालेल्या वादात निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून आलं होतं. त्या खटल्याने आज देशभरातल्या खुनाच्या तपासाला प्रमाणपत्राची सवय लावली.

कोणी रात्री त्याला पाहिलं म्हणत असेल आणि पूर्वीची ओळख नसेल, तर ओळख परेड. ही पोलिस घेत नाहीत. बहुधा नायब तहसीलदार तुरुंगात जाऊन घेतात. एका आरोपीबरोबर त्याच्याच वयाची, बांध्याची निदान सहा माणसं उभी करायची, आरोपीला हवी ती जागा निवडू द्यायची, पोलिसांनी बाहेर थांबायचं. तोवर आरोपीचा फोटो गावभर मोबाइलवर फिरला असेल, तर मात्र परेडचा काही उपयोग उरत नाही.

९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर अशा गुन्ह्यातही आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात ठाण्यातला लेखनिक जेवायलाही उठत नाही. दोषारोपपत्र आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातं. खुनाचा खटला तो चालवू शकत नाही, म्हणून आरोपीला सगळ्या नकला देऊन प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवतो, वकिलांच्या भाषेत ‘कमिट’ करतो. खामगावला अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, त्यामुळे त्यासाठी बुलढाण्याला जावं लागत नाही. आरोपीला वकील परवडत नसेल, तर विधी सेवा समितीकडून सरकारी खर्चाने मिळतो.

आता कोर्ट. टीव्हीवरच्या ‘अदालत’मध्ये वकील के. डी. पाठक ऐन वेळी दार उघडून नवा साक्षीदार आणतो. इथे साक्षीदारांची यादी दोषारोपपत्राबरोबरच आरोपीच्या हाती पडलेली असते. गीतेवर हात ठेवत नाहीत. १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर खरं सांगेन एवढंच म्हणायचं. लाकडी हातोडा टेबलावर आपटणारा न्यायाधीश भारतात नाही. ‘माय लॉर्ड’ही नको, जिल्ह्याच्या कोर्टात ‘सर’ म्हणावं, असं बार कौन्सिलने २००६मध्येच सांगितलं आहे. ज्युरी तर नाहीच. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात सत्र न्यायालय जसं दिसतं, पंखे फिरतायत, वकील कलमं वाचतायत, तारीख पडतेय, ते जवळपास तसंच असतं.

आरोप वाचून दाखवला जातो, ‘गुन्हा कबूल नाही’ असं उत्तर येतं. मग सरकारी वकील एकेक साक्षीदार उभा करतो. आधी सरतपास, त्यात उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. मग बचावाचा उलटतपास, तिथे ते खुशाल विचारायचे. प्रश्नोत्तरं जशीच्या तशी लिहिली जात नाहीत; साक्षीदार वऱ्हाडीत ‘मले काय मालूम’ म्हणतो आणि न्यायाधीश लघुलेखकाला ‘मला याबाबत माहिती नाही’ असं सांगतात. उलटतपासाचा कागद सलग निवेदनासारखा दिसतो: ‘त्या रात्री गल्लीतले दिवे बंद होते हे खरे आहे. मी आरोपीस ओळखले असे पोलिसांना सांगितले होते, ते माझ्या जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही. आरोपीशी माझे उधारीवरून भांडण होते म्हणून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ तीन वाक्यं, आणि मधलं सगळ्यांत महाग. पोलिसांच्या जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात पहिल्यांदा आली की तिचं वजन घसरतं.

मग पंच येतो. ‘पंचनाम्यावरची सही माझी आहे, पण मजकूर मला माहीत नाही. पोलिसांनी ठाण्यात सही घेतली.’ साक्षीदार फितूर. सरकारी वकील परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतो. पंच का फिरतो? दर वेळी पैसे किंवा दहशत नसते. दोन वर्षं गेलेली असतात, त्याच बाजारात रोज आरोपीच्या नातेवाइकांशी गाठ पडते, आणि साक्षीसाठी कामधंद्याचा दिवस तिसऱ्यांदा मोडलेला असतो. पंच फिरला म्हणून पंचनामा आपोआप मरत नाही. तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर तो तगू शकतो, त्याचा शब्द भरवशाचा वाटला तर. चित्रीकरण सक्तीचं करण्यामागे हेच दुखणं आहे.

सगळी साक्ष झाली की न्यायाधीश आरोपीला पुराव्यातली एकेक गोष्ट सांगून विचारतात, यावर तुझं काय म्हणणं? या वेळी त्याला शपथ नसते. उत्तर बहुतेकदा एकच, ‘खोटी केस केली.’

आपल्या कथेत मारताना कोणी पाहिलेलं नाही. सगळा पुरावा परिस्थितीजन्य: कामावरून काढलं, गल्लीत दिसला, हातोडी काढून दिली, आणि समजा, झडतीत चांदी त्याच्या घरात सापडली. अशा पुराव्याची फूटपट्टी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आली, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पुण्यातल्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. तिथे घातलेल्या पाच कसोट्यांना वकील ‘पंचशील’ म्हणतात. सार असं की प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा, ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असणार’ यांत अंतर असतं, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीही वाजवी शक्यता शिल्लक राहता कामा नये.

याचंही मूळ शोधत मागे गेलं तर नागपूर लागतं. खामगाव मध्य प्रदेशात आणि नागपूर राजधानी होती तेव्हाचा, १९५२चा, हनुमंत गोविंद नरगुंदकर खटला. सिवनीच्या दारूभट्टीची निविदा, एक पत्र मागाहून टंकून जुनी तारीख टाकल्याचा आरोप, आणि ते कोणत्या टाइपरायटरवर टंकलं हे सांगणारे तज्ज्ञ. सर्वोच्च न्यायालयाने टाइपरायटरच्या तज्ज्ञांचं मत पुराव्यात घ्यायलाच नकार दिला. तो भाग १९९६मध्ये बदलला, पण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी तपासायची हे सांगताना न्यायालयं अजून याच निकालापासून सुरुवात करतात.

तर आपल्या कारागिराचं काय? हातोडी उघड्या धुऱ्यावर, मालखान्याचे दोन दिवस बेपत्ता, पंच फितूर. पण घरात सापडलेल्या चांदीवर कारखान्याचा शिक्का असेल, जप्तीचं चित्रीकरण सलग असेल आणि ती चांदी कुठून आली हे त्याला सांगता आलं नाही, तर दोषी ठरू शकतो. शिक्का नसेल, तर मला वाटतं सुटेल. मालिकेच्या प्रेक्षकाला हे पटणार नाही, त्याने खून होताना पाहिलेला असतो. न्यायाधीशाने पाहिलेला नसतो.

युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत, निकाल द्यावा असं संहिता सांगते. दोषी ठरला तर शिक्षेवर वेगळी सुनावणी. खुनाला जन्मठेप हा नेम, फाशी अपवाद. आणि दिलीच, तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. खामगावचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातं.

हे सगळं पाहायला पास लागत नाही. लैंगिक अत्याचारासारखी, बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली, तर कोर्ट सर्वांना खुलं असतं. अकराच्या सुमारास जावं, दाराशी लावलेल्या बोर्डावर दिवसभरातली प्रकरणं बघावीत, मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसावं. शिपायाला विचारलं तर ‘आज साक्ष आहे का’ ते सांगतो. साक्ष नसेल तर पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सापडते. त्यासाठी प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक तेवढा हाताशी हवा.